तपासणीच्या आधी

ती. आई-बाबा,
सप्रेम जय भीम.

फोनवर विषय निघाला की बाबा गप्प होतात आणि आई रडते, म्हणून लिहिते आहे. पोटातल्या बाळाची सिकलसेलची तपासणी करायचं आमचं नक्की झालं. पुढच्या आठवड्यात, अकरावा आठवडा संपताना. सोनोग्राफीत बघत बघत पोटातून बारीक सुई घालतात आणि वारेचा कणभर तुकडा काढतात. बाळाला सुई लागत नाही. त्या तुकड्यावरून बाळ एए म्हणजे निरोगी, एएस म्हणजे माझ्यासारखं नुसतं वाहक, की एसएस म्हणजे सिकलसेलचं आजारी ते कळतं. गर्भ पडायची भीती असते, पण ती शंभरात एकापेक्षा कमी, असं डॉक्टर म्हणाल्या. नणंदबाई सांगतात ती नुसत्या माझ्या रक्ताची तपासणी वेगळी, ती डाऊन सिंड्रोमसारख्या गोष्टी बघते. बाळाभोवतीचं पाणी काढून बघायचा दुसरा मार्ग आहे, पण तो सोळाव्या आठवड्याच्या पुढे. रिपोर्ट येईपर्यंत बाळ हलायला लागेल. तेवढं थांबणं माझ्याच्याने होणार नाही.

बाबा, लग्नाच्या वेळी तुम्ही म्हणाला होता, दोघंही एएस, कशाला जाणूनबुजून विस्तवात हात घालता? आम्ही दोघांचे कागद पाहूनच लग्न केलं आणि आजही त्याचा पस्तावा नाही. फक्त आजीचा तो हिशेब डोक्यातून काढा. 'एकाला झालं, आता बाकीचे सुटले' असं नसतं. दर खेपेला नव्याने चारात एक.

आता बंटीचं. आई, तू म्हणालीस, 'म्हणजे माझा पोरगा जन्माला यायलाच नको होता का?' त्यावर मला फोनवर काही बोलता आलं नाही. तो दुखण्याने पलंगाची निवार दातात धरायचा ते मी बघितलंय. तू तव्यावर फडकं गरम करून त्याच्या पिंढऱ्यांवर ठेवायचीस, आणि एक फडकं निवेपर्यंत दुसरं तयार असायचं. डोळे पिवळे म्हणून आधी काविळीचा झाडपाला झाला, मग कुठे रक्त तपासलं. धानाच्या रोवणीला एकदा हौसेने बांधीत उतरला, तर त्या गार पाण्याने रात्री दवाखान्यात न्यावं लागलं. हे सगळं माहीत असूनही तो नसलेलं आपलं घर मला डोळ्यांसमोर आणता येत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकीने दुसरी खोडली जात नाही.

त्याच्याशी मी स्वतः बोलले. दुकानात झेरॉक्स काढता काढता म्हणाला, 'मले काय विचारते ताई, थंडीत माह्या गुडघ्यांले विचार.' आणि गिऱ्हाइकाचे सुटे पैसे मोजत बसला. त्याला पुन्हा कोणी विचारू नका. त्याच्या होकारावर किंवा नकारावर आम्हाला हे ठरवायचं नाही. ते ओझं त्याचं नाही.

एसएस निघालं तर काय, याचं उत्तर आमच्याकडे नाही. ह्यांचा कल एका बाजूला आहे, माझा अजून कुठेच नाही. तपासणी पॅटर्न सांगते, दुखणं किती येईल ते सांगत नाही. आपल्याच गावात एसएस असून वर्ष वर्ष दवाखान्याचं तोंड न बघणारे आहेत आणि बंटीसारखेही आहेत. शिवाय तेव्हाची आणि आताची गोष्ट एक नाही. जन्मतःच माहीत असेल तर पेनिसिलिन, लसी, पुढे दुखण्याचे झटके कमी करणारं हायड्रॉक्सियुरिया, सगळं वेळेवर सुरू करता येतं. बंटीला हे शेवटचं औषध फार उशिरा मिळालं. म्हणजे मूल ठेवायचं ठरलं तरी आधी कळलेलं कामाचंच. 'मग कळून करणार काय?' या बाबांच्या प्रश्नाला सध्या माझ्याजवळ एवढंच उत्तर आहे. जे ठरेल ते आम्ही दोघं ठरवू. तुम्ही त्या वेळी जवळ असावं असं वाटतं, पण सल्ला आम्ही मागितला तरच द्या. हे लिहायला जड जातंय, तरी लिहून ठेवते.

आईने आदल्या दिवशी यावं. दोन दिवस वजन उचलायचं नाही म्हणतात, आणि ह्यांना वरणभाताच्या पुढे काही येत नाही. बाबांनी बंटीजवळ थांबावं, थंडी वाढली आहे. फॉलिक अॅसिडच्या गोळ्या तो संपवून बसतो आणि सांगत नाही, तेवढं बघा.

आणि आजीने शेजारी सांगून ठेवलंय की या सुईत मुलगा की मुलगी ते कळतं. ते सांगणं गुन्हा आहे, आणि मला ते जाणून घ्यायचं नाही असं माझ्याकडून लिहूनही घेतात. आपल्यासारख्या रक्ताच्या आजारासाठी तपासणीला कायद्याने परवानगी आहे, लिंग सांगायला नाही. महाराष्ट्राने तर असा कायदा 1988 मध्येच केला, देशाचा 1994 मध्ये आला. बाबा, हे तुम्हीच तिला समजावा. माझं ती ऐकत नाही.

तुमची,
ताई