आवाज पाचशे, पण दोन नीट मिसळता येतात का?

संपादक साहेब, नमस्कार.

शाळेचं गॅदरिंग असो, भजन असो नाहीतर भावगीतांचा कार्यक्रम, हल्ली पेटीच्या जागी डिजिटल पियानो दिसतो. माझी त्याबद्दल तक्रार नाही, तीस वर्षं पेटी वाजवल्यावर मी स्वतःही घेतलाय. पण एक गोष्ट फार खटकते म्हणून लिहितोय. पोरं पियानोच्या आवाजावर स्ट्रिंग्ज, म्हणजे व्हायोलिनच्या ताफ्यासारखा आवाज, चढवतात, दोन्ही आवाज फुल, आणि गाणारी बिचारी त्याखाली पार दबून जाते. दोन आवाज एकत्र लावणं म्हणजे लेअर, कुठे त्याला ड्युअल म्हणतात, बटण दाबलं की झालं, पण खरं काम त्यानंतर सुरू होतं आणि तेच कोणी शिकवत नाही.

पियानोचा सूर उमटतो आणि विरत जातो, स्ट्रिंग्जचा मात्र बोट ठेवलंय तोवर भरलेलाच राहतो, त्यात पेडल दाबून धरलं की मागचे सूर पुढच्यात मिसळून नुसता गिचका होतो. म्हणून बॅलन्समध्ये, म्हणजे दोन आवाजांचं प्रमाण ठरवतात तिथे, स्ट्रिंग्ज इतक्या खाली आणायच्या की वेगळ्या ऐकू येऊ नयेत, पण बंद केल्या की काहीतरी गेलं असं वाटलं पाहिजे. काही मॉडेलमध्ये दुसऱ्या आवाजापुरतं पेडल बंद करता येतं, ते जरूर शोधा. हॉल आधीच घुमत असेल तर रिव्हर्ब, म्हणजे वाद्यातूनच घातलेला घुमारा, तोही काढून टाका.

पेटीवाल्यांना यात काही नवीन नाही. खर्ज-नर पेटीत एका पट्टीला दोन सूर बोलतात, नर आणि त्याच्या एक सप्तक खालचा खर्ज, आणि त्यांचं वजन जमवणं हेच तर पेटी बनवणाऱ्याचं कसब!

1991 मध्ये जनरल मिडीची, म्हणजे सगळ्या इलेक्ट्रॉनिक वाद्यांसाठी एकसारखी, 128 आवाजांची यादी ठरली, त्यात 105 ला सतार आहे, 112 ला सनई आहे, पण आपली पेटी नाही. मला याचं आजही वाईट वाटतं. मग मी काय करतो, 22 नंबरचा ॲकॉर्डियन त्याच्या सप्तकात ठेवतो, त्याखाली 21 चा रीड ऑर्गन एक सप्तक उतरवून खर्जासारखा अगदी हलका लावतो, रिव्हर्ब शून्य. हुबेहूब पेटी होत नाही पण भजनाला आधार मिळतो, हे जमवायला मला दोन रविवार लागले.

दुकानदार सांगतो पाचशे टोन आहेत. पॉलिफोनी किती, म्हणजे एका वेळी किती सूर वाजू शकतात, ते सांगत नाही. 64 असेल तर दोन आवाज लावल्यावर 32 सूरच हाताशी राहतात, सॅम्पल, म्हणजे आत भरलेलं आवाजाचं रेकॉर्डिंग, स्टिरिओ असलं तर आणखी कमी, आणि पेडल दाबून वाजवताना जुने सूर मध्येच तुटतात. दुसरं म्हणजे सेटिंग सेव्ह होतं का ते विचारा. गेल्या वर्षी एका शाळेच्या कार्यक्रमात पाहुण्यांचं भाषण लांबलं, अर्धा तास पियानोला हात लागला नाही म्हणून तो आपोआप बंद पडला, पुन्हा चालू केला तर माझं सगळं जमवलेलं गेलेलं आणि मुली स्वागतगीताला उभ्या! साध्या पियानोवरच वाजवलं. तेव्हापासून ऑटो पॉवर ऑफ आधी बंद करतो, सगळं मेमरीत टाकतो आणि आकडे कागदावरही लिहून ठेवतो.

मॅन्युअल इंग्रजीत असतं, गावाकडची भजनातली पोरं ते उघडतसुद्धा नाहीत, त्यांचे कान चांगले आहेत हो, फक्त सांगणारं कोणी नाही. तुमच्या रविवारच्या पुरवणीत यासाठी मराठीतून अर्धा कॉलम द्याल का? सुरुवातीचे दोन-चार भाग मी लिहून द्यायला तयार आहे, कुठलं बटण कुठे ते चित्र काढून.

आपला,
एक पेटीवादक, कराड