प्राध्यापकांना कार्यशाळा नको, लेखन-सल्लागार हवा

महोदय,

प्राध्यापकांनी शोधनिबंध लिहावेत म्हणून विद्यापीठे बहुधा एक दिवसाची कार्यशाळा भरवतात. सकाळी उद्घाटन, मग दोन-तीन व्याख्याने, संध्याकाळी प्रमाणपत्रे. ऐकताना सगळे पटते. अडते ते नंतर, स्वतःचा मसुदा समोर घेऊन बसल्यावर, आणि त्या वेळी विचारायला कोणी नसते. दुसरा ठरलेला उपाय म्हणजे पूर्ण झालेल्या पेपरची भाषा तपासून देणे. पण संपादक पहिल्याच चाळणीत पेपर परत करतात त्यामागे व्याकरणाहून मोठी कारणे असतात: विषय त्या नियतकालिकाच्या कक्षेबाहेरचा असतो, नवे काय सांगायचे आहे ते कळत नाही, किंवा निष्कर्ष पुराव्याच्या पुढे धावतो. हे दोष मसुदा अर्धा असतानाच दुरुस्त होऊ शकतात. आणि निव्वळ भाषेची सफाई तर आता यंत्रेही करून देतात.

म्हणून लेखन-सल्लागार हवा, म्हणजे मसुदा अर्धा असतानाच प्राध्यापकासोबत बसून तो वाचणारा आणि कुठे अडते ते दाखवणारा माणूस. एका बैठकीला पन्नास मिनिटे पुरतात, पण तयारी हवी. प्राध्यापकाने दोन दिवस आधी आठ-दहा पानेच पाठवावीत. सोबत ज्या नियतकालिकासाठी लिहायचे आहे त्याची व्याप्ती, शब्दमर्यादा आणि स्वतःचा नेमका प्रश्न. ‘एकदा नजर टाका’ हा प्रश्न झाला नाही. ‘चर्चेच्या भागात निष्कर्षच पुन्हा येताहेत, काय कापू?’ हा झाला. साठ पाने हातात दिली, की सल्लागारही मुद्दा सोडून स्वल्पविराम शोधत बसतो.

बैठकीत सर्वांत उपयोगी पडतो तो उलटा आराखडा. प्रत्येक परिच्छेदाच्या समासात तो परिच्छेद काय सांगतो ते एका ओळीत लिहायचे आणि मग फक्त समास वाचायचा. ज्या परिच्छेदाची एक ओळ होत नाही, त्यात दोन मुद्दे कोंबलेले असतात. सलग पाच ओळी ‘अमुक यांनी असे म्हटले’ अशा निघाल्या, तर पूर्वसंशोधनाचा आढावा नुसती यादी झाला आहे. लेखकाचा स्वतःचा दावा पाहावा तर तो पुष्कळदा शेवटून दुसऱ्या पानावर सापडतो. तो उचलून प्रस्तावनेत आणला, की निम्मा पेपर आपोआप सरळ होतो.

प्रस्तावनेतले एक वाक्य तर हमखास अडखळवते: ‘या विषयावर फारसे संशोधन झालेले नाही.’ समीक्षक, म्हणजे नियतकालिकाने पेपर तपासायला दिलेला त्या विषयातला जाणकार, लगेच चार संदर्भ काढून दाखवतो. शिवाय काम झालेले नाही एवढ्यावरून ते करण्याजोगे आहे असे ठरत नाही. ‘आधीच्या अभ्यासांनी शिक्षण सोडणाऱ्यांची संख्या मोजली, परत आलेल्यांचे पुढे काय झाले ते पाहिले नाही, त्यामुळे गळतीचा हिशेबच अपुरा राहतो’, असे लिहिले की रिकामी जागाही दिसते आणि ती भरण्याचे कारणही.

समीक्षकांचे शेरे आल्यावर तर सल्लागाराची गरज वाढते. ‘मोठ्या सुधारणा करा’ हे पत्र अनेकांना नकार वाटते आणि पेपर कपाटात जातो. वास्तविक संपादकाने दार उघडे ठेवलेले असते. उत्तर देताना प्रत्येक शेरा जसाच्या तसा उतरवावा, खाली काय बदलले ते पान आणि ओळ क्रमांकासह लिहावे. ‘सुधारणा केली’ एवढ्याने भागत नाही. समीक्षकाचे म्हणणे पटले नाही तर बदल करण्याची सक्ती नसते, पण न करण्याचे कारण पुराव्यानिशी द्यावे लागते.

दोन पथ्ये मात्र काटेकोर पाळायला हवीत. पहिले गोपनीयतेचे: कोण आले, काय घेऊन आले, हे विभागप्रमुखांना कळता कामा नये. बढतीच्या फाइलशी या भेटींचा संबंध जोडला, की ज्यांना गरज आहे तेच फिरकत नाहीत. दुसरे श्रेयाचे. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे निकष स्पष्ट आहेत: केवळ लेखनसाहाय्य किंवा भाषा-संपादन करणारा सहलेखक ठरत नाही, त्याचा उल्लेख आभारात येतो. इतर विद्याशाखांनाही हा नियम चालण्यासारखा आहे. सल्लागाराने वाक्ये लिहून देऊच नयेत. पेन प्राध्यापकाच्याच हातात राहावे.

याला जोड म्हणून चार-पाच जणांचा लेखनगट चालवता येतो. आठवड्यातून दोन तास, सुरुवातीला प्रत्येकाने ‘आज संशोधन-पद्धतीच्या भागाचे दोन परिच्छेद’ असे ठरवायचे आणि मग गप्प बसून लिहायचे. गट एकाच विभागातला नसावा. वरिष्ठ समोर असले की कनिष्ठ कच्चा मसुदा बाहेर काढत नाहीत.

सुरुवातीला अर्धवेळ का होईना, एक अनुभवी संपादक आणि दार बंद होणारी एक खोली एवढे भागते. भेटीची वेळ सल्लागाराकडूनच थेट मिळावी, प्रशासनाच्या अर्जातून नव्हे. पहिल्या वर्षी छापून आलेले पेपर मोजू नयेत, कारण समीक्षा आणि छपाई यांतच कित्येक महिने जातात. तोच मसुदा घेऊन किती जण दुसऱ्यांदा आले आणि किती मसुदे प्रत्यक्ष रवाना झाले, एवढीच नोंद ठेवावी, तीही नावांशिवाय.

– विद्यापीठीय लेखन-सल्ल्याच्या क्षेत्रातील काही वाचक