चाळीस टक्क्यांचे घर

हॅरो, लंडन
ऑक्टोबर २०२४

प्रिय बापू,

सप्रेम नमस्कार. गेल्या दिवाळीच्या तुझ्या चकल्यांची पोचही मी दिली नाही, याची लाज वाटते. प्रकृती ठीक आहे. रक्तदाब गोळीने ताब्यात आहे.

आज लिहायला बसलो त्याला कारण आपली स्कूटर. तिच्यात तुझा वाटा एक-तृतीयांश, तरी क्लचप्लेट गेली तेव्हा ‘चालवत तू होतास’ म्हणून सगळे साडेचारशे रुपये मी तुझ्याकडून वसूल केले आणि तू महिनाभर अबोला धरलास. आता माझ्या इथल्या घरातल्या उरलेल्या वाट्याची मालक असलेली संस्था, हाउसिंग असोसिएशन, मला तेच सांगते आहे.

२०१९ मध्ये ‘घर घेतले’ म्हणून मी पेढे वाटले, पण शेअर्ड ओनरशिपच्या, म्हणजे वाट्याने मालकीच्या, कागदावर माझे आहे ते ४० टक्के. चार लाख पौंडांपैकी माझ्या वाट्याचे एक लाख साठ हजार. त्यात सोळा हजार रोख, बाकी मॉर्गेज. उरलेल्या ६० टक्क्यांवर मी वर्षाला २.७५ टक्क्यांनी भाडे देऊ लागलो, म्हणजे महिन्याला ५५० पौंड. दर वर्षी महागाई निर्देशांक अधिक अर्धा टक्का अशी वाढ होत ते आता ६९० झाले आहे. इमारतीच्या देखभालीचा सर्व्हिस चार्ज मात्र ४० टक्के नव्हे, पुरता माझाच. यंदा लिफ्ट सहा आठवडे बंद होती, मी तीन मजले चढलो, आणि दुरुस्तीचा या फ्लॅटवरचा सगळा आकारही मीच भरला. त्यातच जूनमध्ये पाच वर्षांचा फिक्स्ड रेट संपला; दोन टक्क्यांचे कर्ज पाचावर गेले आणि ५३२ पौंडांचा हप्ता ७३४ झाला.

खरी चिंता पुढेच आहे. वाटा वाढवण्याला इथे ‘स्टेअरकेसिंग’ म्हणतात, आणि माझ्या लीझप्रमाणे पायरी कमीत कमी दहा टक्क्यांची. दादांनी कराडच्या जागेतला माझा हिस्सा विकून पाठवलेले धरून मी चाळीस हजार जमवले होते. पण पायरीची किंमत २०१९ ची नसते, विकत घ्याल त्या दिवसाची असते. गेल्या आठवड्यात घराची किंमत ठरवणारा सर्व्हेअर आला, बाल्कनीतल्या तुळशीपाशी उभा राहून ‘काय सुंदर ऊन येते’ म्हणाला, आणि मला पडदे ओढून घ्यावेसे वाटले. त्याचा आकडा आला साडेचार लाख. म्हणजे पंचेचाळीस हजार, वर वकिलाची फी. आणि हे व्हॅल्युएशन तीनच महिने चालते.

आता तू बँकेत आयुष्य काढलेस, म्हणून विचारतो. पंचेचाळीस हजार घातले तर भाडे एक-षष्ठांशाने घटून वर्षाला चौदाशेच्या आत-बाहेर वाचतील. तेवढेच पैसे ठेवीत ठेवले तर आज साडेचार टक्के मिळतात, म्हणजे दोन हजारांवर. हिशेब सांगतो, घेऊ नकोस. ही म्हणते, भाडे दर वर्षी वाढणार आणि पायरीही महागणार, तेव्हा अजून पाच हजार कर्ज काढ पण घे. दादांचे पैसे नुसते ठेवीत पडून राहावेत, हेही मला बघवत नाही. हे मी इथे कोणाला सांगू? सगळे अभिनंदनच करतात.

क्लचप्लेटचे तीनशे रुपये मी तुझे देणे लागतो. व्याज तूच लाव.

तनूच्या लग्नाचे कुठवर आले? वहिनींना नमस्कार. उत्तर नोव्हेंबरच्या आत पाठव.

तुझा,
दिगू