वीस रुपयांचा फॉकनर

मेंफिस (अमेरिका), २७ ऑक्टोबर

प्रिय दत्त्या,

शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. नसतील झाल्या तर आधी घालून घे, मी थांबतो.

तुझा मेसेज जुलैमधला. तुझ्या आईचं, माईंचं तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशीचा. "सगळे गेले आपापल्या घरी. दुपार जाता जात नाही. तो तुझा अमेरिकन कादंबरीकार फॉकनर कुठून सुरू करू, सांग." मी तो वाचला, निळ्या खुणा तुला दिसल्याच असणार, आणि तीन महिने गप्प बसलो. माईंची बातमी कळली तेव्हा फोनवरही मी जेमतेम दीड मिनिट बोललो. ते माझं मला अजून खातंय. पण मेसेजला उत्तर दिलं नाही ते नुसत्या लाजेपायी नव्हे. उत्तर मला त्याच क्षणी माहीत होतं आणि ते तुला देववत नव्हतं. का ते सांगतो, पण माझ्या सवयीने वळसा घेऊन.

तब्येत ठीक. शुगर काबूत, गुडघा कुरकुरतो. हिचं मोतीबिंदूचं परत आल्यावर.

गेल्या रविवारी लेक-जावई आम्हाला ऑक्सफर्डला घेऊन गेले. इंग्लंडातलं नव्हे, मिसिसिपीतलं. इथून गाडीने दीड तास. फॉकनरचं आयुष्य बहुतेक याच गावात गेलं. कादंबऱ्यांत त्याने गावाला जेफर्सन केलं आणि भोवतीच्या परगण्याला योक्नापटॉफा असं, उच्चारताना कवळी सांभाळावी लागेल असं नाव दिलं. १९३० साली त्याने इथे एक मोडकळीला आलेलं जुनं घर घेतलं, 'रोवन ओक'. आता ते विद्यापीठाकडे आहे. फाटकापासून घरापर्यंत सीडरची झाडं. आमची ही बाहेर बाकावर दशम्या सोडून बसली आणि मी आत गेलो.

आणि दत्त्या, त्याच्या लिहायच्या खोलीत भिंतीवर लिहिलेलं आहे! पेन्सिलीने आणि लाल खडूपेन्सिलीने. 'अ फेबल' नावाच्या कादंबरीचा आराखडा, एकेका वाराचं नाव वर आणि त्या दिवशी काय घडतं ते खाली. मी तिथे उभा राहिलो आणि मला मिरजेचा तुमचा कारखाना दिसला. तुझ्या बाबांची ती भिंत. कानावरची पेन्सिल काढून लिहिलेली मापं, कुणाचं कपाट, कुणाची चौकट, कुणाकडून किती येणं. अक्काच्या लग्नाआधी तुम्ही तिला चुना मारलात आणि बाबा तीन दिवस कुणाशी बोलले नाहीत. इथेही म्हणे बायकोने एकदा भिंत रंगवून घेतली, तर या गृहस्थाने सगळं पुन्हा लिहिलं आणि वर लाखेचा हात मारला. हे मी जावयाला सांगायला गेलो तर तो म्हणाला, "पार्किंगची वेळ संपत आलीय बाबा." हिला सांगितलं तर म्हणाली, "भाडेकरूने असं केलं असतं तर डिपॉझिट परत दिलं असतं का तुम्ही?" मग ठरवलं की आता दत्त्यालाच लिहायचं, कितीही उशीर झालेला असो.

आता कबुलीजबाब. सांगलीच्या हॉस्टेलवर मी तुला 'द साउंड अँड द फ्युरी' दिलं होतं. "फॉकनर म्हणजे हे. इथूनच सुरू करायचं, बाकीचं पोरांसाठी." आठवतं? तू आठ दिवसांनी परत आणून दिलंस. म्हणालास, "या माणसाला सरळ बोलता येत नाही का?" आणि मी सगळ्यांसमोर तुझी टिंगल केली. त्यानंतर तू इंग्रजी कादंबरीला हात लावला नाहीस, आणि विज्याच्या लग्नात पंगतीत सांगितलंस, "सद्याने मला इंग्रजीतून उठवलं." सगळे हसले. मीही हसलो.

तर ऐक. तेव्हा मी स्वतः ते चाळीस पानांपलीकडे वाचलेलं नव्हतं. पाठीमागचा मजकूर वाचून रुबाब मारत होतो. पुरतं वाचलं ते लातूरला बदली झाली तेव्हा, एकटा खोलीवर असताना.

आणि तुझी चूक काडीचीही नव्हती. पहिला भाग बेंजी सांगतो. वय ३३ वर्षांचं, समज तान्ह्या पोराची. काल, आज आणि पंचवीस वर्षांपूर्वीचं त्याला सगळं एकाच वेळी घडतं. शेजारच्या मैदानात गोल्फ खेळणारे 'कॅडी' अशी हाक मारतात आणि हा रडायला लागतो, कारण त्याच्या बहिणीचं नाव कॅडी. हे कुणी सांगितलं नाही तर कळणार कसं? वर एकाच घरात दोन क्वेंटिन, एक मामा आणि एक भाची. एका वाक्यात आपण १९२८ मध्ये असतो, पुढच्यात तीस वर्षं मागे, खूण काय तर तिरपा टाइप. फॉकनरला स्वतःला ते वेगवेगळ्या रंगांच्या शाईत छापून हवं होतं, १९२९ साली प्रकाशकाला कुठलं परवडायला! पुढे एका मुलाखतीत त्याला विचारलं, लोक म्हणतात दोन-तीनदा वाचूनही तुमचं कळत नाही, त्यांनी काय करावं? म्हणाला, चौथ्यांदा वाचावं. हा माणूस तुझ्या बाबांच्या जातकुळीचा. गिऱ्हाइकाने दार जड लागतंय म्हटलं की बाबा म्हणायचे, "जोर लावा."

तर तिथून नको. मग कुठून? तीन महिने मी हाच पत्त्यांचा डाव मांडतोय आणि मोडतोय.

'द रीव्हर्स' घ्यावी म्हटलं. अकरा वर्षांचा पोरगा आणि त्याचे सोबती आजोबांची मोटार पळवून मेंफिसला येतात, मोटारीच्या बदल्यात घोडा घेऊन बसतात. सोपी, हसवणारी. पण ती त्याची शेवटची. १९६२च्या जूनमध्ये निघाली आणि जुलैत तो गेला. सगळं बोलून झालेल्या म्हाताऱ्याचा निवांतपणा आहे तिच्यात. तिथून सुरुवात म्हणजे जेवायला बसल्या बसल्या ताकभात.

'सँक्चुअरी' नाही. तिच्या प्रस्तावनेत त्यानेच लिहून ठेवलंय की पैशासाठी लिहिली. तिच्यात कणसाचा एक प्रकार आहे, तो मी तुला सांगणार नाही, आणि वहिनींच्या हाती पुस्तक लागलं तर मला तुमच्याकडे पाणीसुद्धा मिळणार नाही.

गोष्टी? 'अ रोझ फॉर एमिली' छोटी आहे, चहा निवायच्या आत संपते, आणि सगळं गाव मिळून 'आम्ही' म्हणून सांगतं. आपल्या गल्लीचीच भाषा. पण तिची सुरुवात मयतापासून. या माणसाच्या घरात मयताशिवाय दारच नाही की काय, असं मला त्या आठवड्यात वाटायला लागलं होतं.

'लाइट इन ऑगस्ट' मात्र हातातून खाली ठेववत नव्हती. १९३२ची. लीना नावाची पोरगी, दिवस गेलेले, पोटातल्या पोराच्या बापाला शोधत अलाबामाहून निघालेली. रस्त्याच्या कडेला बसून ती चढावरून येणारी बैलगाडी बघते (खेचरांची गाडी, पण तुला बैलगाडीच दिसेल). आणि दुसरीकडे जो ख्रिसमस. नाताळात अनाथालयाच्या दारात टाकलेलं पोर. दिसायला गोरा. अंगात काळं रक्त आहे की नाही हे त्याला स्वतःला शेवटपर्यंत कळत नाही, गावाला मात्र ते ठरवल्याशिवाय चैन नाही, आणि ठरवल्यावर गाव त्याचं काय करतं ते वाच. आडनावावरून पुढचं ओळखू पाहणाऱ्या आपल्यासारख्यांना ते पुस्तक कळायला टिपा लागत नाहीत. मेंफिसमध्येच ते मोटेल आहे जिथे १९६८ साली मार्टिन ल्यूथर किंगना गोळी घातली. आता तिथे संग्रहालय आहे. मी तासभर होतो, मग बाहेर येऊन बसलो. फॉकनरला हे सगळं दिसत होतं आणि तरी तो स्वतः गोरा जमीनदारच होता. १९५०च्या दशकात वर्णभेदावर 'सावकाश घ्या' असंच म्हणत राहिला. माझं या बाबतीत त्याच्याशी भांडण आहे. तुझंही होईल, आणि तू माझ्यापेक्षा बरं भांडशील.

म्हणजे 'लाइट इन ऑगस्ट' म्हणून मोकळा झालो असतो. पण फोनवरच्या त्या दीड मिनिटात तू एक वाक्य बोललास. "तिरडी मीच बांधली. लोक म्हणाले मुलाने बांधायची नसते. दुसऱ्याच्या गाठीवर माझा भरवसा नाही." तुला आठवतही नसेल.

फॉकनरचं एक पुस्तक आहे, 'अ‍ॅज आय ले डाइंग'. १९३०चं. विद्यापीठाच्या वीजघरात रात्रपाळी करताना, उलट्या घातलेल्या हातगाडीवर कागद ठेवून सहा आठवड्यांत लिहिलं असं तो सांगायचा. त्यातली आई खिडकीशी पडून आहे, आणि खिडकीखाली तिचा थोरला, केश, तिची शवपेटी करतोय. सुतार आहे तो. एकेक फळी तिला उचलून दाखवतो आणि मगच ठोकतो. ती गेल्यावर सगळे आपापल्या परीने फुटतात. धाकटं पोर म्हणतं, माझी आई म्हणजे मासा, बस्स, एवढंच त्याचं प्रकरण. आणि केशचं प्रकरण म्हणजे यादी. कडा तिरक्या का कापल्या याची १३ कारणं. खिळ्यांना धरायला जागा जास्त मिळते. पाणी आत शिरायचं तर तिरकं शिरावं लागतं. असं करत करत तेरावं कारण, काम सुबक होतं. आईबद्दल चकार शब्द नाही.

दत्त्या, हे तुझंच पुस्तक. ५९ छोटी प्रकरणं, १५ माणसं बोलतात, प्रत्येक प्रकरणावर बोलणाऱ्याचं नाव. बेंजीसारखं कुणी तुला अंधारात सोडत नाही. मयताला जमलेल्या माणसांत उभं राहून एकेकाचं ऐकावं, तसं. आणि तू हसशील. बाप असा नग आहे की घाम आला तर मरेन म्हणून जन्मभर काम केलं नाही, आणि बायकोला पुरायला निघाला तेव्हा अर्धा जीव नव्या कवळीत. त्याला बघून तुला तुझे धाकटे मामा आठवले नाहीत तर पैसे परत.

पण त्या पेटीचं पुढे काय काय होतं! लग्नातल्या घेरदार झग्याला चुरगळा नको म्हणून बायका तिला पेटीत उलटी निजवतात, पाय डोक्याच्या जागी, आणि केश सारखा सांगत राहतो की आता तोल बिघडला, कुणी ऐकत नाही. नदीला पूर, खेचरं बुडतात. वर गिधाडं. धाकटं पोर आईला श्वास घेता यावा म्हणून झाकणाला गिरमिटाने भोकं पाडतं, आणि ती नुसती झाकणाला पडत नाहीत. हे मी तुला तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी कसं पाठवू? आणि दुसरं पाठवलं तर ते पुन्हा हॉस्टेलसारखंच, आतलं एक आणि तुला सांगायचं भलतंच. म्हणून गप्प बसलो. शहाणपणा म्हण, भित्रेपणा म्हण. ही दुसरं म्हणते.

इथल्या ग्रंथालयाच्या जुन्या पुस्तकांच्या विक्रीत हे आणि 'लाइट इन ऑगस्ट' दोन्ही मिळाली, डॉलरला एक. मी १४ नोव्हेंबरला पोचतोय. दोन्ही घेऊन येतो आणि तुझ्या टेबलावर ठेवतो. कुठलं आधी ते तू बघ. मी एकदा ठरवलं होतं तेवढं पुरे. केशच्या यादीचं पान दुमडून ठेवलंय, तेवढं एक उभ्या उभ्या वाच. आणि त्याच्या १३ कारणांतलं सुतारकामाच्या दृष्टीने कुठलं खोटं आहे ते मला सांग. नवव्याबद्दल मला संशय आहे.

बाकी, धाकट्याचं ठरलं ते हिच्याकडून कळलं, फार आनंद झाला. वर्षाच्या आत उरकताय ना? आयटीआयच्या पेन्शनचा घोळ मिटला का? वहिनींना नमस्कार, अक्काला सांग चकल्यांचा डबा राखून ठेव.

तुझा,
सद्या

ता. क. हॉस्टेलवरचं ते पुस्तक मी फुटपाथवर बारा रुपयांना घेतलं होतं. तुझ्याकडून वीस घेतले, आणि तू परत आणून दिलंस तेव्हा पैसे परत केले नाहीत. तेही घेऊन येतोय. व्याजाचं मात्र बोलू नकोस, मी बँकेत होतो, मला हिशेब येतो.