कागदावरचा थर स्टार्चचा का नको?

महोदय,

वड्याच्या गाडीवर 'कागदी' म्हणून मिळणारी डिश रात्रभर पाण्यात भिजत ठेवा. सकाळी कागदाचा लगदा झालेला असतो आणि वरचा पातळ पापुद्रा अख्खा हातात येतो. तो प्लास्टिकचा. जुलै २०२२ मध्ये देशात एकल वापराच्या ठरावीक प्लास्टिक वस्तूंवर बंदी आली, त्याच महिन्यात राज्याने प्लास्टिकचा थर असलेल्या डिश-कपांवरही बंदी घातली. तरी ते सर्रास मिळतात, कारण तेल झिरपू न देणारा दुसरा स्वस्त कागद गाडीवाल्याच्या हातात कुणी दिलेलाच नाही.

मी पेपर मिलमध्ये साइझ प्रेसवर, म्हणजे कागदाला खळ लावणाऱ्या यंत्रावर, सव्वीस वर्षं काम केलं. शाई फुटू नये म्हणून कागदाला मक्याच्या स्टार्चची शिजवलेली खळ आम्ही रोज द्यायचो. तीच खळ जाड आणि सलग बसली, तर तेल आणि ऑक्सिजन दोन्ही चांगले अडवते. घोडं अडतं ते पाण्यापाशी. कुरडया करणाऱ्या घरात हे सगळ्यांनी पाहिलंय: पातेल्याच्या काठाला लागलेला गव्हाचा चीक वाळला की काचेसारखा होतो, बोट लावलं की तडकतो, पाणी लागलं की पुन्हा चिकट. तडकू नये म्हणून ग्लिसरीन घालावं, तर ते ओल ओढतं. म्हणून मुळात स्टार्चच बदलून घेतात. त्याला हायड्रॉक्सिप्रोपिल नावाचे रासायनिक गट जोडले की थर लवचीक राहतो. लिंबात असतं त्या सायट्रिक आम्लाने स्टार्चच्या रेणूंच्या साखळ्या एकमेकींना बांधल्या की पाण्यात फुगणं कमी होतं. ही प्रक्रिया बेताची ठेवली, तर कागद ओल्या कचऱ्यात कुजतोही.

गरम चहाच्या कपाला हा थर पुरणार नाही, हे स्पष्ट सांगतो. पण वडा, भजी, खारी यांना कागदाने अर्धा-पाऊण तास तेल धरलं तरी भागतं. सुरुवात तिथूनच व्हावी.

खरी अडचण वाळवणीची आहे. प्लास्टिक वितळवून कागदावर लगेच बसवता येतं. खळीतलं पाणी उडवायला वाफ लागते, जादा ड्रायर लागतात, आणि लहान मिलला तो खर्च झेपत नाही. सरकारने त्यासाठी कर्जाच्या व्याजात सवलत द्यावी. आणि थर कशाचा आहे, ते प्रत्येक डिशच्या तळाशी मराठीत छापणं आजपासून सक्तीचं करावं. त्याला तर फारसा खर्चही लागत नाही.

– एक निवृत्त पेपर मिल कामगार, कोल्हापूर