आजीने दिलेलं बियाणं परत हवं आहे : बियाणं-घरासाठी आवाहन

वाडीतली सर्व कुटुंबं, लग्न होऊन सासरी गेलेल्या माहेरवाशिणी आणि मुंबई-पुण्याकडचे चाकरमानी यांना ग्रामस्थ मंडळ आणि महिला मंडळाचा नमस्कार.

गेल्या श्रावणात आपली आजी गेली. वरच्या घरच्या आजोबांची ती बायको. लेकरांची आई झाली, मग आजी आणि शेवटी पणजीही. आजोबा परळच्या गिरणीत होते. त्यांची मनीऑर्डर यायची, पण शेत, गुरं, सासू-सासरे आणि मुलं हा सगळा भार आजीवरच होता. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, पुढे मनीऑर्डर थांबली आणि आजोबा गावी परत आले. त्या वर्षी घर तरलं ते आजीने राखलेल्या भातावर आणि कुळथावर. हे आजोबा आजही सांगतात, आणि सांगताना त्यांना मध्येच थांबावं लागतं.

आजीचं बियाणं राखणं वाडीतल्या प्रत्येकाने पाहिलेलं आहे. कापणीच्या आधी ती उभ्या शेतात फिरायची आणि भरदार, एकसारख्या लोंब्या वेगळ्या काढायची. कापून झोडून ढीग पडला की त्यातून बियाणं घेणं तिला मान्य नव्हतं. निवडलेलं भात चांगलं उन्हं दाखवून पेंढ्याच्या मुडीत बांधायचं आणि मुडी माळ्यावर, चुलीचा धूर लागेल अशी ठेवायची. तवशाच्या, म्हणजे मोठ्या काकडीच्या, बिया राखेत कालवून भिंतीला थापायच्या. पावटा आणि चवळी राख लावून मडक्यात ठेवायची. वालय, बेळा, मुणगा, सोरटी ही भातं तिने अशीच वर्षानुवर्षं पेरली आणि राखली. जया-रत्ना ही सुधारित भातं आली, पुढे संशोधन केंद्रांची नवी वाणं आली. तीही तिने लावली, चांगली पिकली तेव्हा कौतुकही केलं, पण जुन्या भातासाठी एक कुणगा, म्हणजे शेताचा एक तुकडा, कायम राखून ठेवला.

आता अडचण सांगतो. दिवसकार्य झाल्यावर घरच्यांनी माळा आणि मडकी पाहिली. कुळीथ, पावटा आणि नाचणी मिळाली. वालय तिने शेवटच्या वर्षीही लावून घेतला होता, तो सुनांनी कापून वेगळा ठेवला आहे. पण बेळा आणि मुणगा नाही. शेवटच्या काही वर्षांत तिला शेतात उतरवत नव्हतं आणि तेवढ्यात ही दोन्ही भातं आपल्याकडून गेली. घरी ठेवलेलं भाताचं बियाणं एक-दोन वर्षं नीट उगवतं, मग उगवण घटत जाते. म्हणजे ते कुठेतरी दर वर्षी पेरलं गेलं असेल तरच जिवंत असणार.

आणि ते असेल, अशी आम्हाला आशा आहे. कारण वाडीतली लेक सासरी निघाली की आजी तिच्या ओटीत बियाण्याची पुरचुंडी घालायची, हे तुम्हा माहेरवाशिणींना आम्ही सांगायला नको. कोणाला भात दिलं, कोणाला पडवळाच्या बिया, कोणाला मिरची. तुमच्या सासरी त्यातलं काही अजून पिकत असेल तर त्यातलं मूठभर आम्हाला द्या. सासूबाईंना, शेजारणीला विचारा. नाव माहीत नसलं तरी चालेल, "माहेरचं भात" एवढी ओळखही पुरे आहे. पुरचुंडीवर कुठल्या गावात, कसल्या जमिनीत आणि कधी पिकलं ते लिहा. रोहिणीच्या पेऱ्याआधी ते पोहोचलं तर याच वर्षी तरवा (लावणीसाठीची रोपं) टाकता येईल.

आजीच्या नावाने रस्त्यावर कमान उभारावी असंही काहींनी सुचवलं होतं. भावना चांगली होती, पण आजोबांनी नको म्हटलं. त्यांच्या गोठ्याशेजारची पडकी खोली त्यांनी मंडळाला बियाणं-घरासाठी दिली आहे. तिथे मडकी, मुड्या आणि उंदीर लागू न देणाऱ्या पत्र्याच्या कोठ्या राहतील. प्रत्येक वाणाची नोंदवही असेल आणि ते कोणी, कोणत्या कुणग्यात लावलं हे दर वर्षी लिहिलं जाईल. ज्याला बियाणं हवं त्याने न्यावं आणि कापणीनंतर दुप्पट परत करावं.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी घरच्या बियाण्यांपासूनच आपली बियाणे बँक उभी केली आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आपलं काम त्यामानाने फार लहान आहे, पण वाट तीच आहे. असं बियाणं वाटायला परवानगी लागते का, असं सभेत एकाने विचारलं. आपलं घरचं बियाणं राखण्याचा, पेरण्याचा आणि एकमेकांना देण्याचा शेतकऱ्याचा हक्क २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने मान्य केला आहे. कंपनीच्या नावाने पाकीटबंद विकायचं नाही, एवढंच.

पहिली देणगी आजीच्या घरातूनच आली आहे. पणतू झाला तेव्हा आजीवर सोन्याची फुलं उधळली होती. ती फुलं मोडून आलेली रक्कम आजोबांनी आणि मुलांनी खजिनदारांकडे दिली. त्यातून खोलीच्या भिंतींचं काम होईल. छपराची कौलं, वासे आणि कोठ्या यांसाठी तुमची मदत हवी आहे. कोणी जुन्या घराची कौलं उतरवली असतील तर तीही द्या. रोख देणगी कितीही असो, पावती घ्या. जमाखर्च मंडळाच्या फळ्यावर लागेल आणि मुंबई कमिटीकडेही पाठवला जाईल.

पैशांपेक्षाही गरज आहे ती जमिनीची. चाकरमान्यांचे किती कुणगे आज पडीक आहेत हे आपण सगळे जाणतो. त्यातला एखादा या भातांसाठी मंडळाला कसायला द्या. जमीन तुमचीच राहील, तसं लेखी देऊ. नांगरणी आणि लावणी महिला मंडळाचा गट करील.

शिमग्याला सगळे गावी येतात. पालखी नाचवून झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीवर श्रमदान आहे. येताना फावडं-घमेलं आणा, आणि घरात सापडलेलं बियाणं आणा. बायांनी विशेष आठवणीने यावं, कारण कोणतं बी कसं राखायचं हे आजीने तुम्हालाच शिकवलं होतं आणि नोंदवहीची पहिली पानं तुमच्याच सांगण्यावरून लिहायची आहेत.

देणगी आणि बियाणं मंडळाच्या खजिनदारांकडे, मुंबईकरांनी कमिटीच्या सचिवांकडे द्यावं.

आपले,
ग्रामस्थ मंडळ आणि महिला मंडळ