थांबलेलं यंत्र बंद नसतं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिघ्याला आमच्या चाळीतल्या एका मुलाची उजव्या हाताची दोन बोटं गेल्या महिन्यात गेली. वय बावीस. रबाळे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात, पॅकिंगच्या ऑटोमॅटिक लाइनवर तो ठेकेदाराकडून कामाला होता. कंपनीच्या कागदावर कारण लिहिलंय, ‘कामगाराचा निष्काळजीपणा’. त्या शब्दासाठी हे पत्र लिहितो आहे.

ठाणे-बेलापूर पट्ट्यात मी एकतीस वर्षं मेंटेनन्सला इलेक्ट्रिशियन होतो. रुग्णालयात भेटायला गेलो तेव्हा तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, “काका, मशीन थांबलं होतं हो.” खरंच थांबलं होतं. खोका पट्ट्यावर तिरका अडकला, सेन्सरला पुढची वाट अडलेली दिसली, लाइन उभी राहिली, पिवळा दिवा लागला. याने जाळीचं दार उघडून हात घातला आणि खोका ओढला. खोका निघताक्षणी सेन्सरला वाट मोकळी दिसली आणि खोके ढकलणारा दांडा पुढे आला. यंत्र बंद नव्हतंच. खोका कधी निघतो याची वाट बघत उभं होतं.

दार उघडलं की लाइन मेली पाहिजे, आणि दार लावून कुणी बटण दाबेपर्यंत हलता कामा नये. त्यासाठी दारावर चुंबक आणि चौकटीवर स्विच असतो. पण खोके सारखे अडकायला लागले, दर वेळी लाइन नव्याने चालू करावी लागली, की सुपरवायझर वैतागतो. मग कुणीतरी एक सुटं चुंबक काळ्या टेपने त्या स्विचवरच चिकटवून टाकतं. यंत्राला दार दिसत नाही, चुंबक दिसतं. त्याच्या लेखी दार कायम लावलेलं. मुलाने ती टेप रोज पाहिली होती. ती कशाला लावली आहे हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मला ती टेप माहीत आहे, कारण १९९८ साली तुर्भ्याला रात्रपाळीत मी स्वतः ती लावली आहे. मालाची गाडी खोळंबली होती. ‘सकाळी काढू’ म्हणालो आणि ती आठ महिने तशीच राहिली. कुणाला इजा झाली नाही हे नशीब. आज त्या मुलाचा हात बघताना मला ते आठवतं आणि झोप लागत नाही.

१९८१ साली जपानमध्ये आकाशी इथल्या कावासाकीच्या कारखान्यात रोबो दुरुस्त करायला आत गेलेला कामगार असाच गेला. रोबो पूर्ण बंद केलेला नव्हता. बोइंग ७३७ मॅक्सची दोन विमानं २०१८ आणि २०१९ मध्ये पडली, ३४६ माणसं गेली. तिथेही एका सेन्सरने चुकीचं सांगितलं आणि त्यावर विसंबून संगणक विमानाचं नाक खाली दाबत राहिला. सेन्सर खोटं सांगतोय हे यंत्राला कळत नाही. ते बघणं माणसाचं काम आहे.

औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या निरीक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे. कारखान्यात गेलात की फायली मागण्याआधी चालू लाइनच्या जाळीचं दार स्वतः उघडायला लावा. लाइन थांबली नाही, तर पुढचं काही विचारायची गरज नाही. ४ मार्चला, सुरक्षा दिनी, फाटकाशी शपथ होते, त्याच दिवशी प्रत्येक लाइनवर हे करता येईल. आणि ठेकेदाराकडून कामाला आलेल्या मुलांनासुद्धा प्रत्येकी एक कुलूप द्या. आत हात घालण्याआधी मेन स्विच पाडायचा, त्याला आपलं कुलूप लावायचं, किल्ली आपल्या खिशात. हे मराठीत आणि हिंदीत, यंत्राजवळ उभं राहून शिकवा. आमच्याकडे पॅनलवर इंग्रजी स्टिकर लावून मोकळे होतात.

‘निष्काळजीपणा’ लिहिलेल्या त्या कागदावर सही करायला मुलाला सोमवारी बोलावलं आहे. तो डाव्या हाताने सही गिरवतो आहे. मी त्याला म्हटलंय, सही करू नकोस, मी येतो बरोबर.

आपला,
एक निवृत्त इलेक्ट्रिशियन
दिघा, नवी मुंबई